शेअर रिक्षाच्या गेममधील कोऱ्या होर्डिंगवर खऱ्या जाहिराती लावाव्यात का?

घणसोलीचे तिघे

नमस्कार. आम्ही तिघे मित्र गेली दोन वर्षे, नोकरी सांभाळून, रात्री आणि सुटीच्या दिवशी बसून अँड्रॉइड फोनसाठी एक गेम तयार करत आहोत. त्यात खेळणारा ठाण्यातील शेअर रिक्षाचा चालक असतो. स्टेशनबाहेरच्या रांगेत तीन प्रवासी भरल्याशिवाय रिक्षा सुटत नाही, गोखले रोडवर कडेला लावलेल्या स्कूटरमधून वाट काढावी लागते, संध्याकाळी तलावपाळीला खाऊच्या गाड्यांभोवतीची गर्दी रस्त्यावर येते, आणि घोडबंदर रोडला लागल्यावर मेट्रोच्या खांबांच्या कडेने कासारवडवलीपर्यंत जावे लागते. वेळेत पोहोचवले तर भाडे आणि धक्का लागला तर प्रवाशाची बोलणी, एवढाच खेळ आहे.

पहिल्या आवृत्तीत आम्ही दुकाने, भिंती आणि होर्डिंग कोरी ठेवली होती, कारण कोणाचे नाव वापरले आणि त्याने हरकत घेतली तर काय, ही भीती होती. आमच्यापैकी एकाचे काका कळव्याला राहतात आणि त्यांनी बावीस वर्षे ठाण्यात रिक्षा चालवली आहे. त्यांच्या हातात फोन दिला, तेव्हा त्यांनी दोन फेऱ्या मुकाट्याने मारल्या, तिसऱ्या फेरीत राम मारुती रोडच्या तोंडाशी रिक्षा उभी केली आणि म्हणाले, “रस्ता बरोबर आहे रे, पण हे ठाणे नाही. इथे पाट्याच नाहीत. उतारूला मी सांगू काय, कुठे उतर म्हणून?” त्या रात्रीपासून आम्ही काल्पनिक पाट्या लावायला घेतल्या. क्लासेस, दातांचा दवाखाना, मिठाईचे दुकान, पोळी-भाजी केंद्र, सगळ्या देवनागरीत आणि ठळक, कारण 2022च्या दुरुस्तीनंतर राज्यातील दुकानांच्या पाट्यांवर तसे अपेक्षितच आहे. शहर खरोखर जागे झाले.

आता आमच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. एका मसाल्याच्या कंपनीच्या वतीने तिच्या एजन्सीने विचारले आहे की घोडबंदर रोडवरील सर्व मोठी होर्डिंग वर्षभरासाठी त्यांना द्यावीत, आणि शिवाय काही प्रवाशांनी त्यांच्या दुकानाचे नाव घेऊन तेथे उतरवायला सांगावे. दुसरा प्रस्ताव एका ॲड नेटवर्कचा, म्हणजे अनेक कंपन्यांच्या जाहिराती ॲपमध्ये पोहोचवणाऱ्या मध्यस्थाचा आहे. त्यांचे एसडीके, म्हणजे त्यांनी दिलेला तयार प्रोग्राम, गेमला जोडले की गेममधील फलक आपोआप भरले जातील, प्रत्येक खेळणाऱ्याला वेगळी जाहिरात दिसेल, आणि प्रत्येक फेरीनंतर पूर्ण पडद्यावर एक व्हिडिओ येईल. तिसरा मार्ग म्हणजे गेम 99 रुपयांना विकायचा. परंतु फोनवरील गेम आधी पैसे मोजून घेणारे आपल्याकडे थोडे, आणि त्या पैशांतूनही गूगलचा वाटा जातो, जो वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलरपर्यंत 15 टक्के आहे.

आमच्या तिघांत एकमत नाही. एकाचे म्हणणे असे की खऱ्या रिक्षेच्या पाठीवरसुद्धा जाहिरात असते, तेव्हा ती गेममध्ये नसणे हेच खोटे. दुसऱ्याचे म्हणणे असे की दिवसभर बाजार अंगावर घेणारा माणूस अर्धा तास खेळायला येतो, तो त्यातून सुटण्यासाठीच, आणि तेथेही आपण बाजार मांडला तर आपण त्याची फसवणूक केली. मला दोघांचेही पटते, म्हणूनच येथे विचारतो आहे. खऱ्या जगातील जाहिरातीला गेममध्ये जागा आहे का, आणि असेल तर ती नेमकी कोठे संपते?

नौपाड्यातील जुना खेळाडू

हा प्रश्न चाळीस वर्षांहून जुना आहे, त्यामुळे त्याची काही उत्तरे अनुभवातून मिळालेली आहेत. 1982च्या ‘पोल पोझिशन’ या नामकोच्या शर्यतीच्या गेममध्ये रस्त्याकडेला खऱ्या कंपन्यांचे फलक होते. ती शर्यत जपानमधील फुजी स्पीडवेवर बेतलेली होती आणि शर्यतीच्या मैदानावर फलक असतातच, त्यामुळे ते तेथे शोभले. याउलट 1992च्या ‘झूल’ या गेममध्ये ‘चुपा चुप्स’ या गोळ्यांच्या कंपनीचे नाव आणि गोळ्या थेट खेळाच्या पातळ्यांत पेरल्या होत्या. म्हणजे जग आधी आणि जाहिरात नंतर, असा क्रम तेथे राहिलेला नव्हता.

परंतु आपल्याला सर्वांत उपयोगी पडेल ते उदाहरण सेगाच्या ‘क्रेझी टॅक्सी’चे आहे, कारण तो जवळजवळ आपलाच गेम आहे. 1999मध्ये तो आर्केडमध्ये आला. प्रवासी टॅक्सीत उडी मारतो, ‘पिझ्झा हट’ला ने किंवा ‘केएफसी’ला ने असे सांगतो, आणि आपण घड्याळाशी झुंजत त्याला पोहोचवतो. मी तो इतका खेळलो आहे की ते काल्पनिक शहर मला आमच्या नौपाड्याइतके पाठ होते. पुढे 2010मध्ये तो नव्या कन्सोलवर पुन्हा निघाला, तेव्हा ती नावे वापरण्याचे जुने परवाने राहिले नव्हते आणि त्या दुकानांच्या जागी काल्पनिक नावे आली. मी तो विकत घेतला, त्याच चढावरून त्याच वेगाने गाडी खाली आणली आणि वळणावर ओळखीचे दुकान दिसेना. त्या कंपनीविषयी मला काही ममत्व नव्हते, पण तो कोपरा मी त्याच नावाने ओळखत होतो. आपण ठाणेकर एसटीचा थांबासुद्धा ‘वंदना’ या चित्रपटगृहाच्या नावाने सांगतो, यावरून जागेला चिकटलेले नाव काढले की काय होते हे आपल्या लक्षात येईल.

तेव्हा मसाला कंपनीच्या प्रस्तावातील दोन भाग कृपया वेगळे करून पाहा. होर्डिंगवरील चित्र वर्ष संपल्यावर बदलता येते आणि कोणाला चुटपुट लागत नाही, कारण खऱ्या रस्त्यावरही होर्डिंग बदलतच असते. प्रवाशाच्या तोंडी घातलेले नाव मात्र खेळाच्या उद्दिष्टात शिरते. ते काढायचे म्हणजे आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करायचे, ठिकाण पुन्हा बांधायचे आणि खेळणाऱ्याच्या आठवणीला कात्री लावायची. ‘डेथ स्ट्रँडिंग’ या गेममध्ये 2019 साली नायक ‘मॉन्स्टर’ हे खरे पेय पीत असे आणि 2021च्या सुधारित आवृत्तीत त्या जागी काल्पनिक पेय आले. इतक्या मोठ्या निर्मात्यांना जे पुसावे लागले, ते आपण मुळात लिहूच नये.

आता पूर्ण पडद्यावरील व्हिडिओविषयी. 2020मध्ये ‘यूएफसी 4’ या पूर्ण किमतीच्या गेममध्ये लढतीच्या रिप्लेच्या वेळी एका वेबमालिकेची जाहिरात पडदाभर येऊ लागली. खेळणाऱ्यांनी इतका संताप व्यक्त केला की ईए या गेमच्या कंपनीला ती काढून टाकावी लागली. त्याच वर्षी ‘एनबीए 2के21’ या बास्केटबॉलच्या गेममध्ये सामन्याआधी न टाळता येणारी जाहिरात आली आणि तेथेही कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. खेळाच्या मैदानाकडेला फलक असण्याची सवय असलेले हेच खेळाडू होते. फलकावर त्यांनी कधी आक्षेप घेतला नाही, कारण फलक असताना सामना चालू राहतो. ठोसा बसल्यानंतर श्वास घेण्याचा जो क्षण असतो, तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला, म्हणून ते चिडले. आपल्या गेममध्ये फेरी संपल्यावर चालक पैसे मोजतो तो तसाच क्षण आहे. तो विकू नका.

वर्तकनगरमधील पालक

मी गेम खेळत नाही, परंतु माझी आठ वर्षांची मुलगी खेळते, त्यामुळे माझा या विषयाशी रोजचा संबंध आहे. जाहिरातीच्या वेळी नेमके काय घडते ते मी तिच्या शेजारी बसून पाहिले आहे. ती एक चित्र रंगवण्याचा फुकट गेम खेळते. हत्तीची सोंड रंगवून झाली की पडदा काळा होतो आणि एखादी जाहिरात सुरू होते. काही सेकंदांनी उजव्या कोपऱ्यात फुली उमटते, ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर करड्या रंगाची असते. तिचे बोट फुलीच्या बाजूला पडते, आणि दुसरेच ॲप उतरवून घेण्याचे पान उघडते. एकदा तिने फोन माझ्याकडे धरला आणि विचारले, “आई, मी काय चुकीचे केले?” तिने काहीच चुकीचे केलेले नव्हते. तिच्या बोटाने चुकावे अशाच रीतीने ती फुली काढलेली होती.

रस्त्यावरच्या होर्डिंगकडे पाहायचे नसेल, तर मी मान वळवते. फोनवरील जाहिरात बोटाची वाट अडवून उभी राहते, आणि लहान मुलाला तेथून बाहेर कसे पडायचे ते माहीत नसते. म्हणून गेममधील जाहिरात आणि रस्त्यावरील जाहिरात यांची सरसकट तुलना मला मान्य नाही.

आपण आपल्या प्रश्नात मुलांचा उल्लेख केलेला नाही, याचे मला वाईट वाटले. रिक्षा चालवण्याचा गेम मुलेच आधी उतरवून घेतील. ॲड नेटवर्क प्रत्येकाला वेगळी जाहिरात दाखवणार म्हणजे प्रत्येकाविषयी काहीतरी जाणून घेणार. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 याच्या कलम 9नुसार मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणे आणि त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे, आणि त्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक बंधने त्यानंतर टप्प्याने लागू होत आहेत, पण कायदा पूर्ण लागू होईपर्यंत थांबायचे, असे आपण म्हणू नये. त्याआधी, नोव्हेंबर 2023मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली आहे आणि दुसऱ्याच कशाचे रूप घेऊन आलेली जाहिरात हा त्यांतील एक प्रकार आहे. प्रवासी म्हणून रिक्षात बसलेला माणूस मसाल्याचे नाव घेतो, तेव्हा ते बोलणे पैसे घेऊन केलेले आहे हे माझ्या मुलीला कसे कळणार?

आणखी एक गोष्ट. नेटवर्क कोणती जाहिरात पाठवील हे आपल्याला आधी दिसणार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर ऑगस्ट 2025च्या कायद्याने बंदी आली हे खरे, परंतु त्याआधी कित्येक वर्षे पत्त्यांच्या आणि रमीच्या जाहिराती मुलांच्या गेममध्ये येत होत्या आणि त्या कोणी लावल्या असे विचारले तर गेम करणाऱ्यालाही सांगता येत नसे. आपल्या गेमच्या भिंतीवर काय लागले आहे हे जर आपल्यालाच माहीत नसेल, तर ती भिंत आपली राहिली नाही.

वाशीतील जाहिरात-विक्रेता

मी चौदा वर्षे जाहिरातींच्या जागा विकतो आहे, त्यांतील शेवटची काही वर्षे ॲप आणि गेममधील. वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली. तरीही जाहिरातीची बाजू कोणीतरी मांडायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आपल्या नवी मुंबईतील एका कंपनीने 2016मध्ये ‘लुडो किंग’ काढला. तो फुकट आहे, जाहिरातींवर आणि आतील किरकोळ खरेदीवर चालतो, आणि टाळेबंदीच्या काळात गावाकडची आजी आणि ऐरोलीतला नातू एकाच पटावर बसले ते त्यामुळेच. तो 99 रुपयांना असता तर त्या आजीने उतरवला नसता. मराठी दिवाळी अंकांची परंपरा 1909पासूनची आहे आणि तीही जाहिरातींच्या पानांवर उभी राहिली आहे. कथा आणि जाहिरात वेगवेगळ्या पानांवर असल्यामुळे कोणा वाचकाने त्याला फसवणूक म्हटले नाही. जाहिरात म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने ज्याच्याकडे नाहीत त्याच्या करमणुकीचा खर्च उचलणे, असे मी माझ्या कामाकडे पाहतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

परंतु आपण ज्या गोष्टीला घाबरायला हवे, ती अजून कोणी सांगितलेली नाही. ती गोष्ट म्हणजे मोजमाप.

गेममधील फलक दोन प्रकारे विकला जातो. एक म्हणजे गेम बांधतानाच चित्र आत चिकटवायचे. ते बदलायचे तर नवी आवृत्ती काढावी लागते. दुसरा प्रकार म्हणजे फलकाची जागा रिकामी ठेवायची आणि इंटरनेटवरून त्यात चित्र सोडायचे. या दुसऱ्या प्रकाराचा धंदा करणारी ‘मॅसिव्ह’ ही कंपनी 2002मध्ये निघाली, 2006मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि 2010मध्ये बंद केली. 2008च्या अमेरिकी निवडणुकीत ‘बर्नआउट पॅराडाइज’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममधील रस्त्यांवर बराक ओबामांचे फलक लागले, ते याच दुसऱ्या पद्धतीमुळे शक्य झाले. खेळणारा कोणत्या राज्यात आहे ते पाहून निवडक दहा राज्यांतच ते दाखवले गेले. एका खेळणाऱ्याच्या शहरात फलक होता आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या शहरात नव्हता.

आता, फलक दाखवला याचे पैसे कधी मिळतात? फलक पडद्यावर किती मोठा दिसला, किती तिरका दिसला, मध्ये बस किंवा झाड आले का, आणि किती वेळ नजरेसमोर राहिला, हे सगळे एसडीके मोजत असते. रिक्षा वेगाने गेली तर फलक मोजणीत येत नाही. मी स्वतः एका बैठकीत बसलो होतो, त्यात शर्यतीचा गेम करणाऱ्या दोन मुलांना, नावे सांगत नाही, विचारण्यात आले की अमुक वळण थोडे संथ करता येईल का, म्हणजे समोरचा फलक दीड सेकंद अधिक दिसेल. मुलांनी ते केले. महिनाभराने दुसरे वळण. मग सिग्नल थोडा लांबवला गेला. कोणत्याही एका बदलाने गेम बिघडला नाही, पण सहा महिन्यांनी मी तो पुन्हा खेळलो, तेव्हा त्यातील शर्यत संपलेली होती आणि फलकांसमोरून काढलेली वरात उरली होती. त्या बैठकीत मी गप्प बसलो, याची खंत मला अजून आहे.

तुमच्या गेममध्ये तीन हात नाक्याचा सिग्नल आहे. तो किती सेकंदांचा असावा, हे आज तुम्ही खेळाच्या दृष्टीने ठरवता. उद्या तो निर्णय दुसऱ्या कोणाचा तरी झाला, तर ज्या काकांनी पाट्या मागितल्या तेच म्हणतील की आता पाट्या आहेत, पण रस्ता चुकला.

म्हणून करारात एक वाक्य घाला: रस्त्याची रुंदी, वेग, सिग्नलची वेळ, कॅमेऱ्याचा कोन आणि फलकाचा आकार यांत जाहिरातदाराच्या सांगण्यावरून कोणताही बदल होणार नाही. फलकाच्या आकाराचे बंधन तर आवर्जून लिहा. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला जे होर्डिंग कोसळले आणि सतरा माणसे गेली, ते 120 बाय 120 फुटांचे होते, जेव्हा मुंबईत परवानगीची मर्यादा 40 बाय 40 होती. खऱ्या शहरात निदान मर्यादा लिहिलेली असते. तुमच्या शहराचे महापालिका आयुक्त तुम्हीच आहात, तेव्हा ती तुम्हालाच लिहावी लागेल.

पूर्ण पडद्यावरील व्हिडिओविषयी वर्तकनगरच्या ताईंशी मी सहमत आहे. गूगलच्या धोरणानुसार सप्टेंबर 2022च्या अखेरीपासून खेळ चालू असताना अचानक येणाऱ्या, तसेच पंधरा सेकंदांनंतरही बंद न करता येणाऱ्या पडदाभर जाहिरातींना मनाई आहे. खेळणाऱ्याने स्वतः बटण दाबून, बदल्यात काही मिळवण्यासाठी पाहिलेला व्हिडिओ मात्र त्यातून वगळलेला आहे. पेट्रोल संपले आणि चालकाने स्वतःहून ठरवले की एक व्हिडिओ पाहून टाकी भरून घ्यावी, तर तो सरळ सौदा आहे. फक्त टाकी लवकर रिकामी होईल अशी व्यवस्था कधी करू नका. तो मोह नक्की होईल.

पाटी रंगवणाऱ्याची मुलगी, कोपरी

माझे वडील ठाण्यात पाट्या रंगवत असत. फ्लेक्स आले आणि काम संपले. ते आधी खडू लावलेला दोरा भिंतीवर ताणून टिचकी मारत, त्याची पांढरी रेघ उमटली की तीच शिरोरेषा, आणि मग अक्षरे त्या रेघेला वरून खाली लटकवत न्यायची. दुकानदाराशी ते तासभर बोलत, कारण मिठाईवाल्याचा ‘ल’ आणि वकिलाचा ‘ल’ एकसारखा असून चालत नाही, असे त्यांचे मत होते.

वरील सर्व चर्चेत पाटी आणि जाहिरात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले गेले आहेत. माझ्या वडिलांच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामे होती. दातांच्या दवाखान्याची पाटी सांगते की मी येथे आहे, जिना चढून या. ती उचलून दुसऱ्या रस्त्यावर लावली तर ती खोटी ठरते. मसाल्याचे होर्डिंग घोडबंदरला लावा, पनवेलला लावा किंवा शेअर रिक्षाच्या गेममध्ये लावा, त्याला काहीच फरक पडत नाही, कारण ते त्या जागेविषयी काही सांगतच नाही. आपल्या मित्राच्या काकांनी पाट्या मागितल्या होत्या. होर्डिंग त्यांनी मागितलेले नव्हते. उतारूला कोणी ‘त्या मोठ्या जाहिरातीखाली उतरा’ असे सांगत नाही, कारण ती पुढच्या महिन्यात बदलते.

माझी विनंती एवढीच आहे की पैशांचे काय करायचे ते आपण ठरवावे, परंतु पाटीची जागा जाहिरातीला देऊ नये. राम मारुती रोडवरील जी जुनी दुकाने आपली नावे वापरू देतील, त्यांची खरी पाटी विनामूल्य लावा, आणि ती टंकातली अक्षरे घेऊन नव्हे, हाताने काढून लावा.

घणसोलीचे तिघे

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही रविवारी तिघे बसून ही सर्व उत्तरे मोठ्याने वाचली आणि पुन्हा वाद घातला, पण या वेळी वाद वेगळ्या मुद्द्यावर होता.

वर्तकनगरच्या ताईंची आम्ही क्षमा मागतो. मुलांचा विचार आम्ही केला नव्हता, हे खरे आहे. ॲड नेटवर्कला आम्ही नकार कळवला आहे. आपल्या भिंतीवर काय लागले आहे हे आपल्यालाच माहीत नसेल, या वाक्यानंतर त्यावर चर्चाच झाली नाही. प्रवाशाच्या तोंडी मसाल्याचे नाव घालण्यालाही नकार दिला, आणि एजन्सीला ‘क्रेझी टॅक्सी’चे उदाहरण सांगितले. होर्डिंग मात्र आम्ही देणार आहोत. घोडबंदर रोडवर, जेथे ती खरोखर आहेत तेथेच, ठरलेल्या आकाराची, वर्षभरासाठी, सर्वांना एकच चित्र, आणि कोपऱ्यात ‘जाहिरात’ असा शब्द. एजन्सीने विचारले की फलक किती वेळ दिसला याचे आकडे मिळतील का. आम्ही सांगितले की आम्ही ते मोजणार नाही. त्यांनी रक्कम जवळजवळ निम्म्यावर आणली आहे. त्या रकमेत ध्वनिमुद्रणाचा आणि सर्व्हरचा खर्च निघतो, आमचा वेळ निघत नाही, आणि सध्या आम्हाला ते चालेल. टाकी भरण्याच्या व्हिडिओबाबत आमचे अजून एकमत झालेले नाही, कारण तो मोह होईल हे आम्हालाही दिसते आहे.

ओबामांच्या फलकाचे वाचल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. ठाण्याच्या नाक्यांवर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे, दहीहंडीचे आणि नवरात्रीचे जे फलक असतात, ते पाटीत मोडतात की जाहिरातीत? त्यांच्याशिवाय टेंभी नाका ओळखू येत नाही, पण खरे चेहरे लावणे आम्हाला योग्य वाटत नाही. तूर्त आम्ही तेथे मंडळाची काल्पनिक कमान उभी केली आहे.

कोपरीच्या ताई, आपल्या वडिलांनी रंगवलेल्या पाट्यांची छायाचित्रे किंवा अक्षरांची वही घरात असेल, तर ती पाहायला आम्ही कोणत्याही शनिवारी कोपरीला येऊ शकतो. मिठाईवाल्याचा ‘ल’ आम्ही चुकीचा काढला आहे, हे आता स्पष्ट दिसते.